वाऱ्याला वाट

"भोक कुठं पाडायचं म्हणता?" अनाजी तांडेलानं तिसऱ्यांदा विचारलं.

मी पुस्तिकेतलं चित्र त्याच्यापुढे धरलं. "एक इथे, धूर बाहेर जायला. दुसरं त्याच्या शेजारी, शेगडीला हवा मिळायला."

त्यानं चित्राकडे बघितलंच नाही. होडीच्या अंगावरून तळहात फिरवत म्हणाला, "भाऊसाहेब, हिला नारळ दिलाय. पाण्यात उतरवलीय. उतरलेल्या होडीला कोण भोक पाडत नाय."

"पाण्याच्या चांगलं हातभर वर आहे ते."

"पाणी काय तुम्हाला विचारून वर येतं?"

मी पुस्तिका मिटली आणि लाल मफलर कानांवरून आणखी घट्ट केला.

ह्या गोष्टीला चोवीस वर्षं झाली. लडाखातलं एक सरोवर, उंची चौदा हजार फूट, जानेवारीचा पहिला आठवडा. सरोवराचं नाव सांगत नाही. तिथे आता फार लोक जातात. मी तेव्हा पुण्याच्या एका संस्थेत भांडारपाल होतो. कुठली वस्तू आली, कुठली गेली, कुठली मोडली हे लिहून ठेवणं माझं काम. त्या सवयीनं माणसांचीही आवक-जावक मी मनात मांडत असे. अनाजी पावशे, तांडेल म्हणजे होडीचा कप्तान, राहणार हर्णै, वय साठीला टेकलेलं. मिशा भरघोस, शब्द मोजके, हट्ट अमाप. संस्थेनं त्याच्याकडून ही लहानशी केबिनची होडी विकत घेतली तेव्हा ट्रकमध्ये होडीशेजारी तोही बसून आला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, "पोरगी दिली की सोबत पाठराखीण जाते ना?" एवढ्या मिशांची पाठराखीण मी पहिल्यांदाच बघत होतो.

आमच्या तुकडीच्या प्रमुख डॉ. सुनीती परचुरे. बाई कामाला वाघ आणि बोलायला सुरी. त्यांना एकच गोष्ट मोजायची होती: पाण्याचा बर्फ होतो त्या घडीला सरोवर वरपासून तळापर्यंत किती गार असतं. मागचे दोन हिवाळे त्या काठावर तंबूत बसून होत्या. दोन्ही वेळा झोपताना पाणी होतं आणि उठून बघतात तो बर्फ. "पंगत उठल्यावर आपण पोचावं तसं झालं," त्या म्हणायच्या. हा तिसरा हिवाळा, आणि संस्थेनं बजावून ठेवलं होतं की शेवटचा. म्हणून ह्या वेळी सरोवराच्या मध्यावर होडी नांगरून बसायचं ठरलं. उणे वीसमध्ये बसायचं तर केबिनमध्ये ऊब हवी. माणसांनी एकवेळ सोसलं असतं, पण गारठ्यात यंत्रांच्या बॅटऱ्या मान टाकत. त्यासाठी ही डिझेलवर चालणारी शेगडी आणलेली. आकारानं देवपूजेच्या पेटीएवढी, आणि सोबत साठ पानांची पुस्तिका.

मॅडम आल्या. दोन्ही बाजू ऐकून घेतल्या.

"तांडेल, एक तरी भोक द्याल की नाही?"

अनाजीनं होडीकडे बघितलं. "एक देईन. दोन नाय."

"लेले, एका भोकात भागेल?"

मी पुस्तिका उघडून मोठ्यानं मराठीत वाचून दाखवलं. ती ओळ मला अजून पाठ आहे. शेगडीनं जळण्यासाठीची हवा केबिनमधूनच घेतली तरी चालेल, मात्र केबिनला बाहेरून वारा येण्याची वाट कायम उघडी असली पाहिजे.

"तशी वाट आहे," अनाजी म्हणाला. केबिनच्या छतातून एक पितळी नळ वर गेला होता, बगळ्याच्या मानेसारखा वाकलेला. "माझ्या बापानं बसवलाय. तो कधी बंद नसतो."

असा एका भोकावर तह झाला. पण तेही असंतसं पाडायचं नव्हतं. होडीची माफी मागायला नारळ हवा, आणि त्या ओसाडीत नारळ कुठला? आमच्या मुक्कामाचा यजमान पुंचोक आत गेला आणि सुकवलेलं जर्दाळू घेऊन आला. लडाखात आदरानं बोलायचं तर नावापुढे 'ले' लावतात. माझं आडनाव लेले. त्यामुळे पुंचोक मला लेले-ले म्हणे, आणि दरवेळी मॅडम तोंड फिरवून हसत.

"लेले-ले, हे चालेल का विचारा," तो त्याच्या हिंदीत म्हणाला.

अनाजीनं जर्दाळू हातात घेऊन फिरवून बघितलं. "आत बी आहे?"

"आहे."

"मग चालेल. कवटी पाहिजे."

त्यानं जर्दाळू दगडावर ठेचलं, अर्धं पाण्यात टाकलं, अर्धं प्रसाद म्हणून आम्हाला दिलं, होडीला कपाळ टेकवून काहीतरी पुटपुटला आणि मग ड्रिल हातात घेतलं. भोक पडेपर्यंत त्याचे डोळे मिटलेले होते. तरीही ते इतकं गोल पडलं की धुराचा नळ त्यात फिरवून बसवावा लागला. त्या दिवशी त्याच्या नावे मी पहिली जमा टाकली.

दुसरी जमा तासाभरात पडली. शेगडी पेटली, पण काळा धूर ओकू लागली. उंचावर हवा विरळ. डिझेल जास्त, हवा कमी. पुस्तिकेत त्यासाठी एक तक्ता होता, तो मी चष्मा पुसून शोधत होतो. अनाजी बाहेर उकिडवा बसून ऐकत होता. ह्या शेगडीचा छोटा पंप थेंब थेंब डिझेल ढकलतो, आणि प्रत्येक थेंबाला टक्‌ असा आवाज येतो.

"घाई करतेय," तो म्हणाला. "तिला म्हणावं दमानं गिळ."

डिझेल कमी-जास्त करायचा खटका मी थोडा फिरवला. टक्‌ टक्‌ संथ झाली. अनाजी बोट वर करून ऐकत राहिला. "अजून. अजून जरासं. बास." नळातून निघणारा धूर राखाडी झाला, मग पातळ, मग नुसती थरथरणारी हवा. नंतर तक्ता सापडला. खटका बरोबर त्याच आकड्यावर होता. मी पुस्तिका पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सरोवराच्या मध्यावर गेलो. पाणी निळं नव्हतं, काळं होतं, आणि त्याच्यावर वाफेचे पट्टे सरकत होते. मॅडमनी तापमापकांची लांब माळ तळापर्यंत सोडली. केबिनमध्ये त्या आणि मी, नोंदवहीसह. अनाजी बाहेर, नांगराच्या दोरापाशी. होडी पाण्यात असेपर्यंत तांडेल छपराखाली बसत नाही, हा त्याच्या घराण्याचा नेम. मी त्याला गमतीनं म्हटलंही, "तांडेल, आत या. शेगडी तुमच्याच कृपेनं पेटलीय."

"तुम्ही बसा. होडीला कोणीतरी जागं पाहिजे."

शेगडी गुणगुणत होती. पण माझी जागा नेमकी त्या पितळी नळाखाली होती, आणि त्यातून बर्फासारखा वारा थेट माझ्या डाव्या कानात उतरत होता. निघताना बायकोनं, म्हणजे कुमुदनं, एकच उपदेश केला होता: कानाला वारं लागू देऊ नका. आमच्या घरात सर्दी, डोकेदुखी, दाढदुखी, एकदा तर सासऱ्यांचा मधुमेहसुद्धा, सगळं कानाला वारं लागूनच झालेलं आहे. तासभर मी सोसलं. पुढचं काय झालं ते येईलच. एवढंच सांगतो की थोड्या वेळानं मला फार बरं वाटू लागलं.

इतकं बरं मला आयुष्यात क्वचित वाटलं असेल. मार्गशीर्षातल्या उन्हात गच्चीवर सतरंजी टाकून पडावं तसं. मॅडम म्हणाल्या, "लेले, डोकं दुखतंय."

"उंची, मॅडम. माझंही दुखतंय."

"हो, उंचीच."

त्या आकडे सांगत होत्या, मी लिहीत होतो. मग मी सांगू लागलो आणि त्या लिहू लागल्या. मग कोण सांगतंय आणि कोण लिहितंय हे कळेना, आणि त्याचं काही वाटेना. वही नंतर बघितली. आकडे ओळ सोडून खाली खाली घसरत गेले होते, आणि शेवटचा पाच पानाच्या कडेवरून उतरून गेला होता.

दार उघडल्याचं मला आठवत नाही. छातीवर बर्फ ओतावा तशी थंडी आठवते. अनाजीनं मला बखोटीला धरून बाहेर काढून दोरांच्या वेटोळ्यावर टाकलं होतं. मॅडम आधीच बाहेर होत्या, कठड्यावरून वाकून ओकत होत्या. तो आत गेला, शेगडी बंद केली, थोडा वेळ आतच राहिला, मग बाहेर आला.

"कसं कळलं तुम्हाला?" मॅडमनी दम खात विचारलं.

"आवाज बदलला. घुसमटल्यासारखी करत होती. मग धुराच्या नळातनं काळा धूर आला." त्यानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. "बंद खोलीत कोळशाची शेगडी लावून झोपतात ना माणसं, तशी जाता तुम्ही. हसत जाता."

मॅडमनी तोंड पुसलं. मग त्यांनी विचारलं, "तांडेल, दुसरं भोक पाडलं असतं तर हे झालं असतं?"

अनाजीचा उजवा हात जाकिटाच्या छातीवर होता. आत काहीतरी कोंबलेलं होतं आणि बटणांच्या फटीतून लाल लोकरीचे दोन धागे बाहेर आले होते. मी ते बघितले. मी बघितले हे त्यानंही बघितलं.

"नसतं झालं," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

आम्ही होडी काठाला लावली. उतरताना मॅडम म्हणाल्या, "उद्या होडी ट्रकवर चढवा. त्या शेगडीचा भरवसा नाही. मला माणसं घरी परत न्यायची आहेत."

पुंचोक आकाश निरखत उभा होता. त्यानं काही ऐकलं नव्हतं. आनंदानं म्हणाला, "मॅडम-ले, उद्या वारा नसेल. उद्या पहाटे गोठणार."

मॅडमनी मान हलवली आणि तंबूत गेल्या.

दुपारभर मी पुंचोकच्या घरात चुलीपाशी बसलो होतो. त्याच्या बायकोनं मिठाचा चहा पुढ्यात ठेवला. त्यावर साय धरली तरी मी तो उचलला नाही. खिडकीतून होडी दिसत होती. अनाजी गुडघ्यावर बसून होडीला कपाळ टेकवत होता. मग त्यानं ड्रिल उचललं. तो दुसरं भोक पाडत होता. जी होडी सकाळी परत जायची, तिला. ह्या वेळी जर्दाळूही नव्हतं.

तासाभरानं तो आत आला. जाकिटातून मफलर काढला, गुडघ्यावर ठेवून नीट चौकोनी घडी घातली आणि माझ्याजवळ ठेवला.

"तुमचा कपडा. धुराचा वास आहे, धुवून घ्या."

आणि मी, बघा माणूस कसा असतो, मी विचारलं, "कुठे सापडला?"

"ठेवलात तिथंच."

एवढं बोलून तो चुलीकडे वळला आणि हात शेकू लागला. त्याच्या चेहऱ्यावर राग असता तर बरं झालं असतं. मी चिडलो असतो, भोकाचा हट्ट काढला असता, हिशेब बरोबरीत आणला असता. त्यानं तेवढीही सोय ठेवली नाही.

"तुम्ही सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"कोणाला?"

"मॅडमना."

"मी होडीचा तांडेल. होडीवर झालं ते माझं." तो हात चोळत राहिला. "आणि पहिलं चुकलं ते मीच. दोन मागितलीत, एक दिलं. तुमचं तुम्ही बघा."

मॅडमच्या तंबूत गेलो तेव्हा त्या तापमापकांची माळ गुंडाळत होत्या. पेटी अर्धी भरली होती.

"मॅडम, तो छतावरचा नळ."

"काय त्याचं?"

"मी बंद केला होता. मफलर कोंबून."

त्यांचे हात थांबले. "कशासाठी?"

ह्याचं उत्तर द्यायला मला जितका वेळ लागला तितका आयुष्यात कुठल्या उत्तराला लागला नाही. "कानाला वारं लागत होतं."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "पुस्तिका तुम्हीच वाचून दाखवली होती, लेले."

"हो."

"मोठ्यानं. मराठीत."

"हो."

"आणि तांडेल म्हणाला माझं चुकलं, तेव्हा तुम्ही समोर बसला होतात."

"हो."

बाहेर पुंचोकच्या शेळ्यांच्या घंटा वाजत गेल्या. मी हकालपट्टीची, निदान शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी माळेचा एक वेढा सोडवला, मग दुसरा.

"म्हणजे शेगडीत दोष नाही," त्या म्हणाल्या.

"नाही."

"दोष तुमच्यात आहे."

"हो."

"मग हरकत नाही. शेगडी बदलायला दुसरी नव्हती आपल्याकडे." माळ पूर्ण सोडवून त्यांनी पेटी पायानं बाजूला सरकवली. "पहाटे निघायचं. आत मी एकटी बसेन. दर पाच मिनिटांनी बाहेरून हाक मारायची, मी ओ दिली नाही तर दार उघडायचं. तुम्ही बाहेर बसायचं, तांडेलाशेजारी, उघड्यावर. आणि त्याला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

मी अनाजीला काही सांगितलं नाही. सांगायला गेलो तर तो म्हणाला, "मफलर द्या इकडं." त्याच्या टोकाची एक लोकरीची दशी त्यानं दातानं तोडली, होडीवर चढला आणि ती छतावरच्या पितळी नळाच्या तोंडाशी बांधली. नवं भोकही उघडंच होतं; शेगडी केबिनमधली हवा घेई आणि वाऱ्याला आता दोन वाटा होत्या. शेगडी पेटवल्यावर दशी आत ओढली गेली आणि लवलवू लागली.

"ही हलतेय तोवर हवा जातेय," तो म्हणाला. "आता तुम्ही हिच्याकडं बघत बसायचं. दुसरं काम नाय तुम्हाला."

तांबडं फुटायच्या सुमाराला आम्ही मध्यावर होतो. पुंचोक म्हणाला तसा वारा अजिबात नव्हता. मी कान उघडे टाकून बसलो होतो. ते आधी दुखले, मग जळले, मग आहेत की नाहीत कळेना. दर पाच मिनिटांनी अनाजी हाक मारी, "मॅडम," आणि आतून "आहे" असा आवाज येई. शेगडीची टक्‌ टक्‌. होडीच्या अंगाला पाण्याची चुळुक चुळुक. लाल दशी हलत होती.

मग अनाजीनं बोट वर केलं. परवा शेगडी ऐकताना केलं होतं तसंच.

मला काहीच ऐकू आलं नाही. तेच तो ऐकत होता. चुळुक चुळुक थांबली होती.

"मॅडम," तो हळू आवाजात म्हणाला, "पाणी गप्प झालं."

आतून मॅडमचा आकडे वाचण्याचा आवाज येऊ लागला. एकटीच मोठ्यानं वाचत, एकटीच लिहीत होत्या. आवाज आधी स्थिर होता, मग कापू लागला. पण थांबला नाही. आणि आमच्या डोळ्यांसमोर, होडीपासून काठापर्यंत, त्या मैलोगणती काळ्या पाण्यावरून एक झळाळी सरकत गेली. दुधावर साय धरताना एका कडेनं थरथर शांत होत जाते तशी. तिच्या मागे सुया उमटत होत्या, लांब लांब, एकमेकींना छेदत, बघता बघता पंखांसारख्या पसरत. पूर्वेकडचा डोंगर उजळला तेव्हा सगळा डोंगर उलटा होऊन त्यात उभा राहिला, एक रेघही न हलता. मग दुरून कुठून तरी आवाज आला, तंबोऱ्याची तार कोणी नखानं छेडून सोडावी तसा. एकदा. परत एकदा, आमच्या पायांखालून.

माणसांची नोंद ठेवणारा मी. त्या वेळी कोणाच्या नावे काय मांडायचं ते मला सुचेना.

अनाजीनं टोपी काढली. सगळं आयुष्य दर्यावर काढलेला माणूस, त्याच्या मिशांवर दव गोठून पांढरं झालं होतं. "दर्या कधी गप्प बसलेला बघितला नव्हता," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "बाप असता तर त्याला सांगितलं असतं. त्यानं मानलं नसतं."

मॅडम दार उघडून बाहेर आल्या. डोळे लाल, हातात वही. ओळी सरळ होत्या. त्यांनी सरोवराकडे बघितलं आणि वही मिटली. आम्ही तिघं तसेच उभे होतो. परत जायचं तर तो बर्फ फोडावा लागणार होता. पातळच होता, वल्ह्याच्या एका टोल्याचा. पण टोला कोणी घालेना. शेवटी अनाजीनं वाकून होडीला हात लावला, मग बर्फाला, आणि म्हणाला, "चल बाई, वाट दे."

तो गेला त्याला आता नऊ वर्षं झाली. होडी हर्णैला परत गेली होती. तिची दोन्ही भोकं त्यानं कधी बुजवली नाहीत, असं त्याच्या मुलानं सांगितलं.

पुण्यात आमच्या झोपायच्या खोलीची खिडकी मी थंडीतही चार बोटं उघडी ठेवतो. गजाला मफलरची एक दशी बांधली आहे. कुमुदला हे चोवीस वर्षं पटलेलं नाही. रोज दिवा मालवताना ती म्हणते, "अहो, कानाला वारं लागेल."

"लागू दे," मी म्हणतो, आणि दशी हलतेय ना ते बघून कुशीवर वळतो.